'क्लास'ला मराठीत काय म्हणावे? : भूमिकाखेळातील पात्राचा पेशा आणि निवडीचा प्रश्न

भूमिकाखेळ हा प्रकार मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या विचारात क्वचितच येतो. त्याचे स्वरूप थोडक्यात असे : चार-सहा जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो आणि एका काल्पनिक जगाचे वर्णन करतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या वतीने काय बोलायचे, काय करायचे हे जागच्या जागी ठरवतात. कृती साधली की फसली, याचा निर्णय फासे देतात. येथे लिखित संहिता नाही, प्रेक्षकही नाही. खेळ संपल्यावर हाती उरते ती सर्वांनी मिळून रचलेली एक कथा. या प्रकारचा पहिला छापील खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि तो १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला.

खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : आपल्या पात्राचा 'क्लास' कोणता? योद्धा, जादूगार, उपासक की आणखी कोणी? प्रस्तुत लेखात या निवडीचे स्वरूप समजावून घ्यायचे आहे आणि त्या निमित्ताने एका भाषिक अडचणीकडे लक्ष वेधायचे आहे. 'क्लास' या शब्दाला मराठी पर्याय कोणता वापरावा, ही ती अडचण. वरवर पाहता हा परिभाषेचा किरकोळ प्रश्न वाटेल. परंतु 'वर्ग' म्हणावे तर शाळा आणि मार्क्सवाद दोन्ही आठवतात. 'वर्ण' किंवा 'जात' म्हणावे तर आपण खेळाच्या पहिल्याच पानावर एका जुन्या व्यवस्थेला आत बोलावतो. आणि 'भूमिका' हा शब्द पात्र या अर्थाने आधीच खर्ची पडलेला आहे. कोणता शब्द योग्य, हे ठरवण्यासाठी मुळात 'क्लास' काय करतो ते पाहणे आवश्यक आहे.

'क्लास' पात्राचा स्वभाव सांगत नाही. योद्धा भित्रा असू शकतो, उपासक लोभी असू शकतो. क्लास सांगतो ते एवढेच, की प्रसंग समोर आल्यावर या पात्राच्या हाती कोणती साधने आहेत आणि म्हणून त्याची नजर प्रथम कोठे जाईल. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांनी थोडे दिवस काढले आहेत, त्यांना हे चटकन उमगेल. रात्रपाळीत एखादे यंत्र बंद पडते. मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन येतो तो आधी पॅनेल उघडतो, फ्यूज आणि कॉन्टॅक्टर पाहतो. फिटर येतो तो कान देऊन बेअरिंगचा आवाज आठवतो आणि कपलिंगला हात घालतो. वेल्डर असेल तर तडा गेला आहे काय ते पाहील. बिघाड एकच, परंतु प्रत्येकजण त्याला वेगळा प्रश्न विचारतो. पात्राचा क्लास म्हणजे घटनेला विचारायच्या प्रश्नांचा असा एक ठरीव संच होय.

हेच तत्त्व कथेला लावून पाहू. १६६० मध्ये शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी सुमारे दोन महिने तो भुईकोट लढवला. अखेर मोगलांनी सुरुंगाने एक बुरूज उडवला आणि किल्ला पडला. समजा, एखाद्या सूत्रधाराने आपला खेळ याच क्षणी सुरू केला. बुरूज नुकताच कोसळला आहे, धुरळा अजून बसलेला नाही. योद्ध्याचे पात्र घेतलेला खेळाडू विचारील, खिंडार किती रुंद आहे, तेथे किती जण उभे राहू शकतील? हेराचे पात्र घेतलेला विचारील, या गोंधळात बाहेर पडता येईल काय, छावणीतले पहारे कोणत्या बाजूला विरळ झाले आहेत? शुश्रूषा करणारा उपासक ढिगाऱ्याखालची माणसे मोजू लागेल. शाहीर असेल तर तो उरलेल्यांचा धीर शाबूत ठेवण्याच्या खटपटीला लागेल. सूत्रधाराने सांगितलेली घटना एकच. चार क्लासांमुळे तिला चार कथनकेंद्रे मिळाली. कथनमीमांसेत आपण ज्याला दृष्टिकोन म्हणतो, तो येथे लेखकाच्या हातून निसटून खेळाडूंमध्ये वाटला गेलेला आहे, आणि ही वाटणी खेळापूर्वीच, क्लास निवडतानाच, झालेली आहे.

म्हणूनच नवख्या खेळाडूने 'सर्वांत बलवान क्लास कोणता' असे विचारू नये, असे जाणते खेळाडू सांगतात. आपली पाळी आल्यावर आपल्याला काय करायला आवडेल, हा खरा प्रश्न आहे. ज्याला बोलून कामे काढायला आवडते त्याने चिलखत चढवून काय मिळवायचे? दुसरा विचार मंडळीचा. चौघेही जादूगार झाले तर दार फोडायला कोणी नसते. आपल्याकडच्या लोकनाट्याला ही गोष्ट नवी नाही. सिंधुदुर्ग आणि गोवा या भागांतील दशावतारी नाटकमंडळीत राजपार्ट करणारा, स्त्रीपार्ट करणारा, राक्षसपार्ट करणारा असे नट ठरलेले असतात, आणि त्यांच्यापैकी एक जरी नसला तरी रात्रीचे आख्यान अडते. तेथेही लिखित संवाद नसतात. कथानकाची रूपरेषा ठरते, आणि पुढे रात्रभर नट स्वतःचे संवाद स्वतः रचत जातात. पार्ट त्यांना वाक्ये पुरवत नाही. उभे कसे राहायचे, कोणाला कोणत्या स्वरात उत्तर द्यायचे आणि कोठे माघार घ्यायची, याची मर्यादा तेवढी पुरवतो. क्लासच्या अगदी जवळ जाणारी अशी दुसरी कल्पना मराठी परंपरेत मला तरी आढळत नाही. संस्कृत नाट्यशास्त्रातील धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत हे नायकभेद पुष्कळांना येथे आठवतील, परंतु ते स्वभावाचे भेद आहेत, साधनांचे नव्हेत. म्हणून ते येथे फारसे उपयोगी पडत नाहीत.

काव्यशास्त्रातील दुसरे एक त्रिक मात्र आश्चर्य वाटावे इतके नेमके लागू पडते. मम्मटाने काव्याचे हेतू सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास असे तीन घटक मांडले. मम्मटाला हे तिन्ही एकत्र हवे होते. भूमिकाखेळाने त्यांची फारकत करून प्रत्येकाचे स्वतंत्र पात्र केले. या खेळाच्या २०१४ च्या नियमग्रंथात बारा क्लास आहेत आणि त्यांतील तीन निव्वळ जादूचे. 'विझर्ड' हा पोथ्या पालथ्या घालून विद्या कमावतो. 'सॉर्सरर'च्या अंगी ती जन्मतःच, रक्तातून आलेली असते. 'वॉरलॉक' कोणा अमानवी शक्तीशी करार करून ती उसनी घेतो. परिणाम वरवर सारखेच, अग्नी पेटतो तो पेटतोच. पण ज्ञान कोठून आले, यावर पात्राची सारी नैतिक कहाणी अवलंबून राहते. व्यासंगाने मिळवलेले गमावण्याची भीती वेगळी, उसने घेतलेले परत करण्याची भीती वेगळी. पदव्युत्तर वर्गात काव्यहेतू शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी हे उदाहरण एकदा वापरून पाहावे. (बारा क्लास आणि बारा बलुतेदार यांतील आकड्याचा मेळ हा मात्र निव्वळ योगायोग आहे, त्यावर कोणी प्रबंध लिहू नये.)

बलुतेदारांचा उल्लेख ओघात आला, पण तेथेच खरा प्रश्न दडलेला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथात सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग यांची कामे आणि हक्क बारकाईने नोंदवलेले आहेत. त्या वर्णनातील प्रत्येक नाव एकाच वेळी धंद्याचे आहे आणि जन्माचेही. गावगाड्यात 'तुझा क्लास कोणता' असा प्रश्न संभवतच नाही, कारण त्याचे उत्तर पाळण्यात ठरलेले असते. श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतील फरक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिला, तो येथे निर्णायक ठरतो. खेळातील मंडळी ही श्रमविभागणी आहे : तू दार फोड, मी कुलूप उघडतो. गावगाडा ही श्रमिकांची विभागणी होती. दोहोंना एकच मराठी शब्द दिला, तर हा फरकच पुसला जाईल.

आता गंमत अशी, की खुद्द या खेळालाही हा फरक पहिल्या दिवसापासून कळलेला नव्हता. १९७४ च्या मूळ नियमांत क्लास तीनच होते : योद्धा, जादूगार आणि उपासक. चोराचा क्लास १९७५ च्या पुरवणीत आला. पात्राला क्लासखेरीज एक 'रेस'ही असे, म्हणजे माणूस, ड्वार्फ, एल्फ किंवा हाफलिंग. हे वंश युरोपीय लोककथांतून आणि टॉल्किनच्या कादंबऱ्यांतून आलेले. १९७४ च्या नियमांत ड्वार्फला योद्ध्यावाचून दुसरा पर्याय नव्हता. १९७८ च्या विस्तृत नियमग्रंथात बंधने सैल झाली तरी ती संपली नाहीत : ड्वार्फला जादूगार होता येत नसे, 'पॅलॅडिन' हा धर्मवीराचा क्लास केवळ माणसांसाठी राखीव होता, आणि मानवेतर वंशांना बहुतेक क्लासांत एका ठरावीक पातळीपलीकडे चढताच येत नसे. १९८१ च्या प्राथमिक नियमांत तर वंश आणि क्लास एकच झाले. माणूस असाल तर योद्धा, जादूगार, उपासक वा चोर यांपैकी काही निवडा. ड्वार्फ असाल तर ड्वार्फ हाच तुमचा क्लास. जन्म हाच धंदा. गावगाड्याची व्यवस्था, तिचे नावही न ऐकता, विस्कॉन्सिनच्या एका पुस्तिकेत हुबेहूब उतरलेली पाहून मराठी वाचक थबकल्याखेरीज राहणार नाही.

कर्त्यांच्या मनात दुष्ट हेतू होता असे म्हणायचे नाही. माणसांखेरीज इतर वंशांचे आकर्षण फार वाढू नये, खेळाचा तोल राहावा, एवढाच त्यांचा उद्देश दिसतो. परंतु 'तोल राहावा' हे कारण प्रत्येक जन्माधिष्ठित व्यवस्था देत आलेली आहे. २००० मध्ये निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही बंधने काढून टाकली. कोणत्याही वंशाच्या पात्राला कोणताही क्लास घेता येऊ लागला. २०२४ च्या सुधारित ग्रंथात 'रेस' हा शब्दही गेला आणि त्या जागी 'स्पीशीज', म्हणजे प्रजाती, हा शब्द आला.

फाशांची कहाणीही याच दिशेने जाते. आरंभी सहा गुणांसाठी, म्हणजे बळ, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, विवेक आणि प्रभाव यांसाठी, ओळीने तीन-तीन फासे टाकत. जे दान पडेल ते स्वीकारायचे आणि त्याला शोभेल असा क्लास घ्यायचा. पॅलॅडिन होण्यासाठी १९७८ च्या ग्रंथात प्रभावाचा गुण किमान १७ लागे, आणि तीन फाशांवर १७ किंवा १८ पडणे किती दुर्मीळ हे सांगायला नको. पुढे पडलेले आकडे हव्या त्या गुणाला लावण्याची मुभा आली. नंतर १५, १४, १३, १२, १०, ८ असा तयार संच घेऊन फासे न टाकताही पात्र रचता येऊ लागले. पूर्वी नशीब पाहून क्लास ठरे, आता क्लास ठरवून नशीब बेतले जाते. जुन्या पद्धतीचे चाहते म्हणतात, की दान स्वीकारण्यात एक नाट्य होते. ते खरे आहे. पण खेळातल्या नाट्यासाठी जो नशीब आनंदाने स्वीकारतो, त्याला उठून घरी जाण्याची मोकळीक असते.

चोराच्या क्लासबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. इंग्रजीत 'थीफ' हा कुलुपे उघडणारा, सावलीतून सरकणारा एक मजेदार गडी. मराठीत हा शब्द तसा निरागस राहत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सरकारने कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरवण्याची वाट मोकळी केली, आणि तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून निघण्यास १९५२ साल उजाडावे लागले. माणसांच्या मनातून तो त्यानंतरही गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे १९८७ चे आत्मकथन त्याची साक्ष देते. 'तुझा क्लास चोर' हे वाक्य मराठी टेबलावर उच्चारले जाताना मागे एवढे सारे उभे असते. २००० पासून खेळाने 'थीफ' सोडून 'रोग' हा इंग्रजी शब्द घेतला, तो तर देवनागरीत लिहिताच आजार होतो, त्यामुळे त्याची उसनवारीही बाद. 'हेर', 'भामटा', 'चतुर' असे पर्याय सुचतात. मला 'हेर' बरा वाटतो. त्यात कौशल्य आहे आणि कोणाच्या जन्माची नोंद नाही.

येथे कोणी एकनाथांच्या भारुडांचे उदाहरण पुढे करील, आणि ते करणे रास्तच आहे. चाकणपासून फार दूर नसलेल्या आळंदीशी, ज्ञानेश्वरांच्या समाधीशी, नाथांचे नाते परंपरेने जपले आहे. भारुडात नाथ कधी वासुदेव होतात, कधी गोंधळी, कधी पांगळा, आणि 'जोहारा'त महाराच्या तोंडून बोलतात. दुसऱ्याचे सोंग घेऊन प्रथमपुरुषी बोलणे ही भूमिकाखेळाची मूळ प्रेरणा येथे सोळाव्या शतकातच उभी आहे. तिची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. सोंग निवडण्याची मुभा पैठणच्या पंडिताला होती. ज्याचे सोंग घेतले त्याला ती नव्हती. जोहार म्हणणारा महार दुसऱ्या दिवशी वासुदेव होऊ शकत नव्हता. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, तेव्हा तोच आवाज सोंगाशिवाय, स्वतःच्या नावाने बोलला. हे मराठी वाङ्मयातील स्थित्यंतर आपण नेहमी शिकवतो. निवडीचा हक्क कोणाचा, या अंगाने ते पुन्हा पाहता येईल.

मग 'क्लास'ला शब्द कोणता? माझ्या मते तो शोधायला पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातच जावे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे कारखान्यांची रांग लागली. चाकणचा विस्तार हा त्यानंतरचा. या पट्ट्यात आयटीआय केलेल्या मुलाला विचारतात, "ट्रेड कोणता?" आणि तो सांगतो, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर. फिटर वा टर्नर व्हायला दोन वर्षे, वेल्डर व्हायला एक. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्यापुढील उमेदवारीलाही चौकट मिळाली. बलुतेदाराचे नाव आणि टर्नरचे नाव यांत वरवर साम्य आहे, कारण दोन्ही हाताच्या कामावरून पडलेली नावे. परंतु लोहाराचा मुलगा इलेक्ट्रिशियन होतो, शेतकऱ्याचा मुलगा टूल अँड डाय मेकर होतो, आणि गावात ज्याच्या बापाला वाड्याच्या पायरीवर थांबावे लागे, त्याचा मुलगा लेथवर इतरांच्या शेजारी उभा राहतो. बिनजन्माचा पेशा येथे पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर बोलीत रुळला. ही मुक्ती पूर्ण झाली असे मी म्हणणार नाही. दहावीच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर ट्रेड ठरतो, म्हणजे निम्मे दान फाशांचेच. पुन्हा कंत्राटी कामगारांच्या आजच्या काळात ट्रेड शिकूनही 'हेल्पर' म्हणून राबणारी मुले चाकणच्या फाटकांबाहेर दिसतात. तरीही 'ट्रेड' या शब्दात 'मी हे शिकलो' असा अर्थ आहे, 'मी हा जन्मलो' असा नाही.

'ट्रेड' हाच शब्द खेळात घ्यावा काय? कारखान्याच्या तेलाचा वास त्याला इतका चिकटलेला आहे की 'ट्रेड : जादूगार' वाचताना हसू येईल. म्हणून 'पेशा' हा शब्द मला अधिक सोयीचा वाटतो. 'पेशवा'शी असलेल्या ध्वनिसाम्याने कोणी बिचकू नये. शिक्षकी पेशा, वैद्यकीय पेशा या प्रयोगांतून तो शब्द शिकून पत्करलेल्या कामाचा अर्थ देऊ लागला आहे. त्यात हात बसण्याची कल्पना आहे आणि सोडून देण्याची शक्यताही. पात्रपत्रिकेवर 'पेशा : शाहीर' असे लिहिलेले वाचताना कोठे अडखळत नाही. शाहीर होणे मात्र या खेळात एके काळी फार कष्टाचे होते. १९७८ च्या ग्रंथात आधी योद्धा, मग चोर, आणि त्यानंतरच 'बार्ड' होता येई. अफझलखानवधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला असली अट कोणी घातली नव्हती.

एक शब्द अद्याप शिल्लक राहतो. पात्रपत्रिकेवर पेशाच्या जवळच 'बॅकग्राउंड' नावाचा रकाना असतो : पेशा पत्करण्यापूर्वी हे पात्र कोण होते? शेतकरी, कारागीर, सैनिक, खलाशी, लेखनिक? २०२४ च्या नियमांत गुणांची वाढ प्रजातीऐवजी या पूर्वायुष्यावर अवलंबून ठेवली आहे. म्हणजे रक्तातून काढून घेतलेले बळ आता घराला आणि आधीच्या कामाला देण्यात आले. 'पार्श्वभूमी' हा रूढ शब्द येथे चालेल, पण तो फार सपाट आहे. 'पूर्वायुष्य' म्हटले तर बालपण येते, पण वाडवडिलांचे काम सुटते. 'घराणे' म्हटले तर पुन्हा आपण पाळण्यापाशी येऊन पोहोचतो. खेड तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलाने या रकान्यात 'शेतकरी' लिहावे, आणि शेजारच्या रकान्यात जादूगार, हेर किंवा शाहीर यांपैकी जे हवे ते लिहावे. त्या पहिल्या रकान्याला नाव कोणते द्यायचे, यावर वाचकांनी पर्याय सुचवावेत.